आभाळाचा हिशेब ठेवणाऱ्यांचं काम

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका रेडिओ खगोलशास्त्रज्ञ ताईंनी केलेलं भाषण. ज्या मैत्रिणींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. सभेत विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं शेवटी आहेत.)



अध्यक्षताईंचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "विषय कोणता घेऊ?" त्या म्हणाल्या, "विषय-बिषय काही नको. तुम्ही रोज काय करता ते सांगा. नारायणगावला बाजाराला जाताना त्या जाळीच्या मोठ्या डिशा आम्हाला दिसतात. पण आत बसलेली माणसं नेमकं काय करतात, ते आजवर कुणी सांगितलं नाही."

तेच सांगायला आले आहे. पण आधी एक गैरसमज काढून टाकते. मी खगोलशास्त्राचं काम करते, ज्योतिषाचं नाही. गावात गेले की निदान एक तरी मावशी पत्रिका पुढे करते, "बघ गं बाई, हिला मंगळ आहे का?" मी सांगते, मावशी, मंगळ पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हासुद्धा सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर लांब असतो. तो दगडमातीचा, गंजलेल्या लोखंडासारखा तांबूस गोळा आहे. त्याला तुमच्या मुलीचं नावसुद्धा माहीत नाही. तिचं लग्न अडलंच तर ते माणसांमुळे अडतं, मंगळामुळे नाही.

त्या डिशा म्हणजे काय?

खोडदच्या त्या दुर्बिणीचं नाव आहे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. आपण जीएमआरटी म्हणतो. एकूण ३० डिशा आहेत आणि प्रत्येक डिशची रुंदी ४५ मीटर. जमिनीच्या हिशेबात सांगायचं तर एका डिशखाली जवळजवळ १६ गुंठे झाकले जातात. तीसही डिशांचे तोंडवळे एकत्र केले तर पावणेबारा एकराचं शेत होईल. यातल्या १४ डिशा खोडदजवळ एक-दीड किलोमीटरच्या आत आहेत. बाकीच्या १६ तीन फाट्यांवर लांबवर पसरल्या आहेत. टोकाच्या डिशांमधलं अंतर २५ किलोमीटरपर्यंत जातं.

या दुर्बिणीत डोळा लावून बघायचं काही नसतं. ताऱ्यांकडून आणि दीर्घिकांकडून, म्हणजे ताऱ्यांच्या अफाट मोठ्या वस्त्यांकडून, उजेड येतो तशा रेडिओ लहरीही येतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या गोळा करायचं काम या डिशा करतात. आकाशवाणी लागते त्याच जातीच्या या लहरी, फक्त कल्पना करता येणार नाही इतक्या क्षीण.

डिशा जाळीच्या का, असं मला पुष्कळ जण विचारतात. पत्रा का नाही लावला? तुमच्या घरातली चाळणी आठवा. भोकापेक्षा दाणा मोठा असला की तो वरच राहतो. खोडदला ज्या लहरी पकडतात त्यांची लांबी साधारण वीतभरापासून दोन मीटरपर्यंत असते. जाळीची भोकं त्यापुढे अगदी बारीक. त्यामुळे लहर जाळीवरून परत फिरते आणि वारा मात्र आरपार निघून जातो. डिश हलकी राहते, वाऱ्याचा जोर कमी लागतो, खर्चही वाचतो. ही युक्ती प्रोफेसर गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. बाहेरच्या देशांकडे मोठा पैसा होता. यांनी कमी पैशात मोठं काम कसं करायचं याचा विचार केला. घर चालवणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

आमचा दिवस कसा जातो

सिनेमात खगोलशास्त्रज्ञ रात्री गच्चीवर उभा राहून आकाशाकडे बघत असतो. माझा बहुतेक दिवस कॉम्प्युटरसमोर जातो. रेडिओ दुर्बीण दिवसाही चालते आणि ढग असले तरी चालते. फार मोठं वादळ आलं तर तेवढ्या डिशा थांबवून सुरक्षित स्थितीत ठेवाव्या लागतात.

काम सुरू होतं अर्जापासून. दुर्बीण काही माझ्या मालकीची नाही. जगभरातले लोक ती वापरायला मागतात आणि वर्षातून दोनदा अर्ज घेतले जातात. अर्जात लिहावं लागतं की मला आकाशातली अमुक गोष्ट बघायची आहे, ती का बघायची आहे, किती तास लागतील आणि त्यातून काय कळेल. एक समिती सगळे अर्ज वाचते. वेळ थोडा आणि मागणारे जास्त, त्यामुळे बरेच अर्ज नामंजूर होतात किंवा मागितले वीस तास तर मिळतात आठ. गटात कर्जमागणी आली की तुम्ही विचारता ना, "कशासाठी पाहिजे? परतफेड कशी करणार?" अगदी तेच. माझेही अर्ज परत आले आहेत. दोन दिवस वाईट वाटतं. मग समितीने काय लिहिलंय ते शांतपणे वाचायचं आणि पुढच्या वेळी सुधारून पाठवायचं.

वेळ मिळाला की तो आकाशाच्या सोयीने मिळतो. आपल्याला हवी ती वस्तू रात्री दोनला उगवणार असेल तर रात्री दोनलाच काम. कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर पाळीपाळीने चोवीस तास बसलेले असतात. ते डिशा फिरवतात, बिघाड झाला तर नोंद करतात. तीसही डिशांचे संकेत जमिनीखालच्या ऑप्टिकल फायबरने खोडदच्या मुख्य इमारतीत येतात आणि तिथे एकमेकांशी जुळवले जातात. मगच त्या ३० डिशा मिळून एक मोठी दुर्बीण होते.

त्यानंतर सुरू होतं ते सगळ्यात वेळखाऊ काम, निवडण्याचं. हो, तांदूळ निवडतो तसंच. आलेल्या माहितीत आकाशातून आलेलं थोडं आणि आपल्या इथला कचरा फार. मोबाइलचा टॉवर, विमान, उपग्रह, विजेच्या तारेवर उडणारी ठिणगी, सगळ्यांच्या लहरी मिसळलेल्या असतात. आधी हे खडे वेचून टाकायचे. मग काटा तपासायचा. दुकानदार वजनकाट्यावर आधी माहितीचं माप ठेवून बघतो, तसं आम्ही आकाशातली एक ओळखीची, किती तेजस्वी आहे ते पक्कं ठाऊक असलेली वस्तू आधी मोजतो. ती बरोबर मोजली गेली तरच नवीन मोजमापावर विश्वास ठेवायचा. आठ तासांचं निरीक्षण असलं तरी निवडून, तपासून त्याचं चित्र तयार व्हायला आठवडे, कधी महिने जातात.

शेवटी लेख लिहायचा. तो छापण्याआधी दुसऱ्या देशातले अनोळखी जाणकार तो तपासतात आणि चुका काढतात. म्हणजे आमचंही ऑडिट होतं. ते झाल्याशिवाय आमच्या बोलण्याला किंमत नाही. उरलेल्या वेळात विद्यार्थ्यांना शिकवणं, मीटिंगा आणि पुढचे अर्ज.

एवढं करून शोधतो काय?

दोन गोष्टी सांगते. दोन्ही आपल्या दुर्बिणीच्या आहेत.

पहिली गोष्ट विहिरीची म्हणा. तारे जन्माला येतात ते वायूपासून, मुख्यतः हायड्रोजनपासून. शास्त्रज्ञांना हे माहीत होतं की सुमारे ८०० ते १००० कोटी वर्षांपूर्वी विश्वात तारे फार वेगाने जन्मत होते आणि नंतर तो वेग खूपच कमी झाला. का कमी झाला? वायू संपला का? तपासायचं तर तेव्हाच्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन किती होता ते मोजायला हवं. पण इतक्या लांबून येणारा त्याचा संकेत इतका क्षीण असतो की एकेका दीर्घिकेचा संकेत सापडतच नाही.

मग काय केलं? आदित्य चौधरी तेव्हा पुण्यात पीएचडी करत होता. त्याने, त्याचे मार्गदर्शक निसीम काणेकर यांनी आणि इतर सहकाऱ्यांनी जीएमआरटीवर सुमारे १०० तास निरीक्षण केलं आणि ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकमेकांत मिळवले. एकटीचा आवाज ऐकू येत नव्हता, साडेसात हजार जणींचा मिळून ऐकू आला. २०२० साली हे काम 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. तायांनो, महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकून तुम्ही बँकेला तुमची दखल घ्यायला लावलीत. हिशेब तोच आहे.

आणि उत्तर काय मिळालं? त्या दीर्घिकांमध्ये वायू भरपूर होता, पण तारे बनण्याचा वेग इतका जास्त होता की नवीन वायू आला नाही तर तो साठा १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता. विश्वाच्या वयापुढे हा काळ थोडाच. विहीर भरलेली दिसते, पण उपसा जास्त आणि पाझर कमी, मग उन्हाळ्याआधीच तळ दिसतो. ताऱ्यांच्या बाबतीतही असंच झालं असावं, असं या कामातून दिसलं. त्या दीर्घिकांकडून हा संकेत निघाला तेव्हा आपली पृथ्वी जन्मलीसुद्धा नव्हती. पृथ्वीचं वय साधारण ४५० कोटी वर्षं.

दुसरी गोष्ट घड्याळांची. काही मोठे तारे मरताना स्फोट होतो आणि मागे एक लहान, भयंकर जड गोळा उरतो. एका शहराएवढा आकार आणि वजन सूर्यापेक्षाही जास्त. तो गरगर फिरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखी त्याची रेडिओ लहर फिरून फिरून आपल्याकडे येते. टिक, टिक, टिक. याला पल्सार म्हणतात. काही पल्सार तर उत्तम घड्याळासारखे नियमित असतात. पण आकाशात फार अवजड कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरू लागल्या तर अवकाशालाच हेलकावे बसतात आणि ही टिकटिक किंचित पुढेमागे होते. हा फरक इतका सूक्ष्म की तो पकडायला वर्षानुवर्षं नोंदी ठेवाव्या लागतात. जून २०२३ मध्ये युरोप आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी मिळून जाहीर केलं की असे हेलकावे असल्याचा पुरावा दिसतो आहे. त्यासाठी जवळजवळ २५ वर्षांच्या नोंदी वापरल्या गेल्या. युरोपातल्या पाच मोठ्या दुर्बिणी आणि सहावी आपली खोडदची. त्याच सुमाराला अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनच्या गटांनीही आपापले पुरावे मांडले.

रजिस्टर लिहायचा कंटाळा येतो, खरं ना? "मागच्या महिन्यासारखंच आहे, काय लिहायचं रोज रोज," असं वाटतं. त्या शास्त्रज्ञांनी मधली पाच वर्षं असं म्हणून सोडून दिली असती तर हा शोध लागला नसता.

नोंद कुणाच्या नावावर?

आता ज्यासाठी मी खरं तर इथे उभी आहे ते बोलते.

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या हार्वर्डच्या वेधशाळेत आकाशाचे फोटो काचेवर घेत. त्या काचा तपासून एकेका ताऱ्याची नोंद करायला बायका ठेवल्या होत्या. का? कारण त्या काळजीपूर्वक काम करत आणि पुरुषांपेक्षा कमी पगारात मिळत. तासाला पंचवीस-तीस सेंट. त्यांतल्या विल्यमिना फ्लेमिंग आधी वेधशाळेच्या संचालकांच्या घरी कामवाली होत्या. पुढे त्यांनी हजारो ताऱ्यांचं वर्गीकरण केलं.

त्यांतच हेन्रिएटा लेविट होत्या. त्यांना ऐकू कमी येत असे. काही तारे ठरावीक दिवसांनी उजळतात आणि मंदावतात. काचा तपासता तपासता त्यांच्या लक्षात आलं की ज्या ताऱ्याची उजळण्या-मंदावण्याची फेरी लांब, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. वाचायला साधं वाक्य आहे, पण त्यातून आकाश मोजायची पट्टी मिळाली. शंभरचा बल्ब आहे हे माहीत असलं की तो किती मिणमिणता दिसतो यावरून तो किती लांब आहे ते सांगता येतं, तसं. याच पट्टीने पुढे एडविन हबल यांनी दाखवलं की आपल्या आकाशगंगेच्या बाहेरही दुसऱ्या दीर्घिका आहेत.

१९१२ साली हा शोध छापला गेला तेव्हा त्याखाली सही होती संचालकांची. आत एक वाक्य होतं की हे मिस लेविट यांनी तयार केलं आहे. १९२५ मध्ये स्वीडनच्या एका गणितज्ञाने त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवायचं म्हणून पत्र लिहिलं. तेव्हा त्याला कळलं की लेविट १९२१ सालीच वारल्या आहेत.

दुसरी बाई जॉसलिन बेल. उत्तर आयर्लंडची मुलगी, इंग्लंडमध्ये केंब्रिजला पीएचडी करायला आली. चार एकरांहून मोठ्या रानात खांब ठोकून, तारा ओढून रेडिओ दुर्बीण उभी करायची होती. त्यात तिने स्वतः घण चालवला. दुर्बीण सुरू झाली की रोज जवळजवळ शंभर फूट कागदावर रेघ उमटायची आणि ती सगळी नजरेखालून घालायचं काम तिचं. १९६७ मध्ये त्या रेघेत एका जागी तिला थोडीशी वेगळी खरखर दिसली. दुसरी एखादी म्हणाली असती, "असेल काहीतरी मोटारगाडीचं." तिने नोंद ठेवली, पुन्हा बघितलं, पुन्हा बघितलं. दर एक पूर्णांक एकतृतीयांश सेकंदाला एक ठोका. तो पहिला पल्सार.

तेव्हा पत्रकार आले. तिच्या वरिष्ठांना त्यांनी शोधाबद्दल विचारलं. तिला विचारलं, तुला मित्र किती? १९७४ साली नोबेल मिळालं ते तिच्या मार्गदर्शकांना आणि दुसऱ्या एका शास्त्रज्ञांना. तिचं नाव त्यात नव्हतं. लग्नानंतर नवऱ्याच्या बदल्यांमागे गावं बदलत आणि मुलाला वाढवत तिने बरीच वर्षं अर्धवेळ काम केलं, पण सोडलं नाही. २०१८ साली तिला ३० लाख डॉलरचं मोठं बक्षीस मिळालं. ते सगळे पैसे तिने ज्यांना सहसा संधी मिळत नाही अशा मुलामुलींच्या पीएचडीच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकले.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. तुमच्या कामाची नोंद तुमच्या नावावर आहे का, हे बघा म्हणून सांगते. शेतात राबणारी तुम्ही, पण सातबाऱ्यावर नाव आहे का? शेळ्या तुमच्या, पण विक्रीचा पैसा कुणाच्या खात्यात जातो? गटाच्या इतिवृत्तात "सर्वांनी चर्चा केली" असं लिहिता की कुणी काय सुचवलं तेही लिहिता? जी सूचना करते तिचं नाव लिहा. पन्नास वर्षांनी कुणी रजिस्टर उघडलं तर त्यात बाई दिसली पाहिजे.

सभेत विचारलेले प्रश्न

*"तुमच्या दुर्बिणीमुळे आमच्या भागात कारखाने येत नाहीत, असं म्हणतात. आमच्या पोरांनी काय करायचं?"*

ताई, प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. दुर्बिणीच्या आसपास ठरावीक अंतरापर्यंत काही उद्योगांना ना-हरकत घ्यावी लागते. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेच्या मार्गालाही यामुळेच अडचण आली, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. कारण असं की मोटारीची ठिणगी, वेल्डिंग, सैल झालेली तार यांतून रेडिओ लहरी निघतात. रेडिओ चालू असताना पंप सुरू केला की खरखर येते, तेच. आकाशातल्या संकेतापुढे ही खरखर म्हणजे कानाशी ढोल. ही जागा निवडली तेव्हा डोंगरांचा आडोसा आणि शहरापासूनचं अंतर बघूनच निवडली. दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. पण म्हणून परिसरातल्या लोकांनी गप्प बसावं असंही नाही. कोणता उद्योग चालतो, कोणता नाही आणि का, हे लेखी मागायचा तुम्हाला अधिकार आहे. गटाने यंत्र घ्यायच्या आधी ही चौकशी करावी. कर्ज काढून मागाहून अडचण नको.

*"ग्रहणात गरोदर सुनेला काही चिरू देत नाही, पाणीही देत नाही. बरोबर आहे का?"*

ग्रहण म्हणजे सावली. सूर्यग्रहणात चंद्राची सावली आपल्यावर पडते, चंद्रग्रहणात आपली चंद्रावर. त्या वेळी कोणतेही वेगळे विषारी किरण येत नाहीत. काळजी एकच घ्यायची, सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नाही, आणि ती ग्रहण असो नसो घ्यायचीच. सुनेला वेळेवर जेवण आणि पाणी द्या. बाळाला धोका सावलीचा नाही, आईच्या उपासाचा आहे.

*"माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला हेच करायचंय. घरचे म्हणतात, यात नोकरी कुठे? पुढच्या वर्षी स्थळं बघायची आहेत. काय सांगू त्यांना?"*

ताई, खरं ते सांगते. गोड बोलून पाठवणार नाही.

रस्ता लांब आहे. गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं हवं. बारावीनंतर बी.एस्सी. भौतिकशास्त्र करा किंवा पुण्याच्या आयसर संस्थेसारख्या ठिकाणी प्रवेश परीक्षा देऊन जा. इंजिनिअरिंग करूनही येता येतं. मग एम.एस्सी., मग पुन्हा परीक्षा, मग पाच-सहा वर्षांची पीएचडी. पीएचडीला फी भरत बसावं लागत नाही, उलट महिन्याला विद्यावेतन मिळतं. सरकारी दरांप्रमाणे २०२३ पासून सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं वेगळं. त्यानंतर दोन-तीन वर्षं इथे, दोन-तीन वर्षं परदेशात, अशा तात्पुरत्या नेमणुका. पक्की नोकरी लागेपर्यंत तिशी उलटलेली असते. कायमच्या जागा थोड्या आहेत, सगळ्यांना मिळत नाहीत. नेमक्या त्याच वयात लग्न, मूल, सासर हेही असतं, म्हणून वाटेत मुली जास्त गळतात. हुशारी कमी पडते म्हणून नाही.

पण दुसरी बाजूही बघा. या कामात ती कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग शिकते, मोठमोठी आकडेवारी हाताळायला शिकते. पक्की जागा नाही मिळाली तरी हे हुनर बँकेत, कंपनीत, कॉलेजात कुठेही चालतं. शिवाय दुर्बिणीवर फक्त शास्त्रज्ञ लागत नाहीत. इंजिनिअर लागतात, ऑपरेटर लागतात, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक लागतात. डिप्लोमा किंवा आयटीआय केलेल्या मुलीलाही अशा ठिकाणी काम असतं.

घरी एवढंच सांगा की लगेच हो म्हणू नका, पण लगेच नाहीही म्हणू नका. तीन वर्षं बी.एस्सी. करू द्या. आवड टिकते का, मार्क काय पडतात ते तेव्हा कळेल. तीन वर्षांत स्थळं संपत नाहीत. शिक्षण मात्र एकदा सुटलं की परत धरणं फार अवघड.

जाता जाता

माझी पुण्यातल्या वसतिगृहाची पहिली फी भरायची होती तेव्हा घरात पैसे नव्हते. कांद्याला भाव मिळाला नव्हता. आईने गटात कर्जमागणी केली. एक जण म्हणाली, "पोरीच्या शिक्षणाला कर्ज? ते फेडणार कोण?" गटाच्या सचिव मावशी म्हणाल्या, "म्हशीला देतो, मग पोरीला का नाही?" आणि त्यांनी ठरावात लिहिलं, कारण: मुलीचे शिक्षण. आईने ते कर्ज चौदा हप्त्यांत फेडलं. एकही हप्ता चुकवला नाही. माझ्या पीएचडीच्या प्रबंधात आभाराच्या पानावर मोठमोठ्या प्राध्यापकांच्या नावांखाली त्या गटाचं नाव आहे.

म्हणून एक मागणं आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या सुमाराला खोडदला दुर्बीण लोकांना बघायला खुली करतात आणि शाळा-कॉलेजच्या मुलांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. तारीख आधी चौकशी करून पक्की करा, ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या, एक गाडी ठरवा आणि मुलींना घेऊन जा. नुसत्या मुलींना पाठवू नका, तुम्हीही जा. डिशखाली उभ्या राहून वर बघा. मग आत बसलेल्या माणसांना विचारा, तुम्ही काय करता? त्यांनी उत्तर दिलंच पाहिजे. ती दुर्बीण तुमच्या पैशातून उभी आहे.

आणि परत आल्यावर बैठकीच्या इतिवृत्तात लिहा, कोण कोण गेलं होतं. प्रत्येकीचं नाव लिहा, मुलींचंसुद्धा.